द्राक्षबागेशेजारचा गोठा

डिसेंबर-जानेवारीत थंडीची लाट आली की निफाडचं नाव राज्यभरच्या वर्तमानपत्रांत झळकतं. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रात पारा कुठवर उतरला, त्याचा आकडा रोज सकाळी छापून येतो. पाच-सहा अंश, एखाद्या साली त्याहूनही खाली. आकड्याच्या शेजारी छायाचित्र असतं ते द्राक्षबागेचं: बांधावर पेटवलेल्या शेकोट्या, अंगावर घोंगडी घेऊन पहाटे ठिबक सुरू करायला निघालेला शेतकरी, आणि खाली मणी तडकण्याची भीती. याच शेतकऱ्याच्या मळ्यात, बागेपासून हाकेच्या अंतरावर, पत्र्याच्या छपराखाली एखादी संकरित गाय, एक म्हैस, दोन-चार शेळ्या आणि खुराड्यात आठ-दहा कोंबड्या असतात. त्यांची बातमी होत नाही. बहुतेक दिवशी व्हायचं कारणही नसतं. ज्या थंडीनं द्राक्षाचा मणी तडकतो, त्या थंडीत गाय डोळे अर्धवट मिटून रवंथ करत बसलेली असते.

गोठ्यातला हिवाळा पाऱ्यावर ठरत नाही. जनावर कोरडं आहे की ओलं, त्याच्या पोटात काय पडलंय, वारा कुठून येतोय आणि जनावर किती दिवसांचं आहे, या चार गोष्टी थंडीच्या आकड्यापेक्षा जास्त महत्त्वाच्या ठरतात.

पोटापासूनच सुरुवात करू. गाई-म्हशीच्या पोटाचा पहिला आणि सर्वांत मोठा कप्पा म्हणजे कोटीपोट. मोठ्या गाईच्या कोटीपोटात शंभर-दीडशे लिटर ऐवज सहज मावतो. कडब्यातले, गवतातले जे तंतू माणसाला पचत नाहीत, ते इथले असंख्य सूक्ष्मजीव आंबवतात आणि या आंबण्यातून उष्णता सुटते. गाईच्या अंगाचं तापमान साधारण ३८.५ अंश सेल्सिअस. कोटीपोटातलं त्याहून थोडं जास्तच भरतं. उन्हाळ्यात हीच उष्णता बाहेर टाकता टाकता गाय धापा टाकते आणि दुधाला कमी येते. हिवाळ्यात मात्र ती पोटात पेटती चूल घेऊन उभी असते. कोरड्या, दाट केसांच्या धडधाकट गाईला पारा शून्याच्या खाली जाईपर्यंत अंग गरम राखायला वेगळी ताकद खर्चावी लागत नाही. होल्स्टीनचं रक्त असलेल्या संकरित गाईला निफाडची जानेवारी वर्षातल्या सगळ्या महिन्यांत जास्त मानवते, असं म्हटलं तरी चालेल.

या चुलीला सरपण मात्र वेळेवर लागतं. वैरण पोटात गेल्यानंतर काही तासांनी आंबण्याचा जोर वाढतो आणि सरकी पेंडेच्या आंबोणापेक्षा कडबा, सरमाड यांसारख्या कोरड्या वैरणीतून उष्णता जास्त मिळते. म्हणून पशुवैद्यक सांगतात की थंडीत दिवसाच्या वैरणीतला मोठा वाटा संध्याकाळी टाका. अंधार पडताना भरलेली गव्हाण पहाटे, थंडी सर्वांत जास्त असते तेव्हा कामी येते. जुनी माणसं रात्री निजण्याआधी कंदील घेऊन गोठ्यात एक फेरी मारत आणि जनावरांपुढे दोन पेंढ्या सोडून येत. त्यामागचं शरीरशास्त्र त्यांनी वाचलेलं नव्हतं, पण वेळ अचूक साधली होती.

म्हशीचं थोडं वेगळं आहे. तिच्या अंगावर गाईच्या मानानं केस फारच विरळ आणि कातडी काळी. उन्हाळ्यात तिला डबकं लागतं आणि हिवाळ्यात ऊन लागतं. सकाळी नऊच्या सुमारास म्हैस गोठ्याबाहेर बांधली की ती आपोआप उन्हाला आडवी उभी राहते, अख्खी कूस उन्हात येईल अशी. रात्री तिच्या पाठीवर गोणपाटाची झूल घालायची रीत अनेक ठिकाणी आहे. झूल रात्री उबदार वाटते, पण ती मुतानं, दवानं भिजली आणि तशीच अंगावर राहिली, तर नसलेली बरी.

कारण खरा शत्रू ओल आहे. कोरड्या अंगाची गाय जी थंडी सहज सोसते, तीच अंग भिजल्यावर सोसत नाही. केस भिजून चिकटले की त्यांच्यामधली हवा निघून जाते, आणि मग पंधरा अंशांच्या आसपासही जनावराला ऊब टिकवण्यासाठी अंगातली ताकद जाळावी लागते. याचा फार दुःखद पुरावा महाराष्ट्रानं २०२१च्या डिसेंबरच्या सुरुवातीला पाहिला. १ आणि २ तारखेला पुणे, नगर, नाशिक या पट्ट्यात अवकाळी पाऊस झाला आणि सोबत गार वारं सुटलं. तेव्हा थंडीची लाट नव्हती, कुठे विक्रमी पारा नोंदला गेला नव्हता. तरीही जुन्नर, आंबेगाव, शिरूर या भागांत उघड्या रानात वाघरीत, म्हणजे जाळीच्या कुंपणात, बसलेल्या शेकडो मेंढ्या आणि शेळ्या एका रात्रीत काकडून मेल्या. भिजलेली लोकर, वर वारा, खाली चिखल आणि आडोसा कुठेच नाही. दख्खनी मेंढी काही नाजूक जनावर नाही; पाऊस टाळत शेकडो किलोमीटर चालणारी जात आहे ती. पण रात्रभर भिजून वाऱ्यात उभं राहायला ती घडलेली नाही.

ओलीची भीती बसली की माणूस गोठा गच्च बंद करतो आणि इथे चूक होते. चारी बाजूंनी ताडपत्री बांधलेला गोठा पहाटे उघडून पाहावा: डोळे चुरचुरतात, नाकात झणझणीत वास शिरतो, पत्र्यावरून पाण्याचे थेंब गळत असतात. मोठं जनावर श्वासावाटे आणि अंगावाटे दिवसाला कित्येक लिटर पाणी वाफ करून बाहेर टाकतं. ती वाफ थंड पत्र्याला लागून पाणी होते आणि पुन्हा जनावराच्याच पाठीवर पडते. शेणामुतातून सुटणारा अमोनिया फुप्फुसांचं अस्तर खरवडत राहतो आणि चार दिवसांत वासरू खोकायला लागतं. गारठ्यानं खोकला झाला असं घरात म्हणतात, पण कारण गारठा नसतो, कोंडलेली हवा असते. वारा येतो त्या बाजूला जनावराच्या पाठीच्या उंचीपर्यंत पडदा आणि वर छपरालगत हवा जायला मोकळी फट, एवढं पुरतं. गोठ्यात शेकोटी करून धूर भरण्याचंही तेच. डास जातील, पण फुप्फुसांचं काय?

मोठ्या जनावराची एवढी काळजी पुरली तरी नुकत्याच जन्मलेल्या वासराला ती पुरत नाही. त्याचं कोटीपोट अजून नावापुरतंच असतं. दूध थेट शेवटच्या कप्प्यात जातं, आंबणं नाही आणि त्यातून येणारी ऊबही नाही. शिवाय ते जन्मतं ओलं. दहा-पंधरा अंशांखाली त्याला लगेच थंडी वाजू लागते. गाईनं चाटून काढणं हे त्यावरचं पहिलं औषध, आणि ती चाटत नसेल तर कोरड्या गोणपाटानं जोरात पुसून काढणं हे दुसरं. त्यानं अंग कोरडं होतंच, शिवाय वासराचा श्वास आणि रक्त दोन्ही चालतं होतं.

तिसरं औषध चीक. गाईच्या पोटात असताना वासराला आईकडून रोगाशी लढणारी प्रतिपिंडं मिळत नाहीत. माणसाच्या बाळाला मिळतात तशी सोय गाईच्या वारेत नाही. ती सगळी चिकात उतरलेली असतात आणि वासराचं आतडं ती अखंड शोषून घेतं ते फक्त पहिल्या दिवसापुरतं. दर तासाला ही क्षमता उतरत जाते आणि चोवीस तासांत दार बंद होतं. तीस किलोच्या वासराला पहिल्या दिवसात तीन लिटर चीक जायला हवा, त्यातला निम्मा तरी पहिल्या दोन तासांत. आणि नेमकं इथेच कित्येक गोठ्यांत वार पडायची वाट पाहिली जाते. वार पडल्याशिवाय कासेला हात लावायचा नाही, अशी समजूत. वार पडायला कधी आठ तास लागतात, कधी बारा. रात्री दोनला, आठ अंशांत जन्मलेलं वासरू सकाळपर्यंत उपाशी आणि ओलं कुडकुडत राहतं. गंमत म्हणजे वासरू प्यायला लागलं की गाईच्या अंगात जो स्राव सुटतो, त्यानं पान्हाही फुटतो आणि गर्भाशय आवळून वार पडायलाही मदत होते.

खरवसाबद्दल वासराच्या वतीनं तक्रार करण्याचं फारसं कारण नाही. चांगल्या संकरित गाईला पहिल्या दिवशी वासराला पुरून उरेल इतका चीक असतो. तक्रार आहे ती क्रमाची: आधी शेजारी तांब्याभर, मग डेअरीवाल्या ओळखीच्यांना, आणि उरला तर वासराला.

पुढच्या आठवड्यांत वासराचा बिछाना कोरडा आहे का, हे तपासायला यंत्र लागत नाही. पाचटावर किंवा भुश्यावर गुडघे टेकून थोडा वेळ बसायचं. पायजमा ओला झाला तर बिछाना बदलायची वेळ झाली. वासरू बसल्यावर पाय पाचटात झाकले जातील इतका थर हवा. दूधही त्याला अंगाइतक्या उबेचं लागतं, आणि थंडीत थोडं जास्त लागतं. डेअरीला घालायचं दूध वाढावं म्हणून वासराचं कमी करण्याची सवय हिवाळ्यातच जास्त महागात पडते.

पाण्याचा मुद्दा सरळ आहे, तरी रोज चुकतो. दुधात सत्त्याऐंशी टक्के पाणीच असतं. रात्रभर उघड्या हौदात गार पडलेलं पाणी गाय चार घोट पिऊन तोंड फिरवते आणि संध्याकाळी दूध लिटरभर कमी भरतं. त्याच वेळी विहिरीतून मोटर सुरू केली की पाण्यातून वाफा निघताना दिसतात. काही हात खाली जमिनीचं तापमान बारा महिने जवळजवळ सारखं राहतं, वर्षाच्या सरासरीच्या आसपास. त्यामुळे हवा सात अंशांवर असताना विहिरीचं पाणी वीस-पंचविशीत असतं. हौद सकाळी रिकामा करून ताज्या उपशाचं पाणी पाजणं, हे फुकटातलं गरम पाणी आहे. धार काढायच्या आधी कासही त्याच पाण्यानं धुवावी आणि लगेच कोरडी पुसावी. ओली कास वाऱ्यात राहिली की सडांना भेगा पडतात, भेगांतून जंतू शिरतात आणि मग काससुजी, म्हणजेच दगडी, होते. भेगाळलेल्या सडांना धारेनंतर लोणी किंवा खोबरेल लावायची जुनी पद्धत आहे.

वैरणीच्या बाबतीत हिवाळा हा निफाडच्या मळ्यात सुबत्तेचा काळ, आणि सुबत्तेतच घोटाळे होतात. ऊसतोड सुरू झाली की हिरवी वाढी, म्हणजे उसाचे शेंडे, मुबलक मिळतात. तोडणी कामगार त्यांच्या मोळ्या विकून चार पैसे मिळवतात, आणि शेतकऱ्याला ताजी वैरण स्वस्तात मिळते. पण वाढ्यांमध्ये ऑक्झलेट जास्त असतं आणि ते जनावराच्या पोटातला कॅल्शियम अडकवून ठेवतं. महिनोन्महिने नुसत्या वाढ्यांवर ठेवलेल्या दुभत्या गाईची हाडं आतून रिती होत जातात. ती व्यायली की अचानक बसते आणि उठत नाही. म्हणून वाढी कुट्टी करून, सुक्या कडब्यात मिसळून, वर चुन्याची निवळी शिंपडून द्यावीत. सोबत थोडा लसूणघास द्यायचा, कारण त्यात कॅल्शियम भरपूर असतो. तो घास मात्र पहाटेच्या दहिवरात भिजलेला आणि उपाशी पोटी देऊ नये, नाहीतर डावी कूस ढोलासारखी फुगते. शेळ्यांनाही दहिवर सुकल्याशिवाय रानात सोडत नाहीत. ओल्या गवताच्या शेंड्यांवर जंतांच्या अळ्या चढून बसलेल्या असतात, ऊन चढलं की त्या पुन्हा खाली बुडख्याशी उतरतात.

कांद्याची गोष्ट या तालुक्याला जास्त लागू. लासलगाव याच तालुक्यात, आणि हिवाळ्यात लाल कांद्याची आवक वाढते तसा निवडून फेकलेला, सडलेला कांदा बांधावर आणि रस्त्याकडेला पडतो. कांद्यातली गंधकाची संयुगं गाईच्या तांबड्या रक्तपेशी फोडतात. भरपूर कांदा खाल्लेल्या गाईची लघवी तांबूस-काळसर होते, डोळ्यांच्या कडा पांढऱ्या पडतात, अंगाला आणि दुधाला वास येतो. शेळ्या-मेंढ्यांना तो गाईपेक्षा पुष्कळ जास्त सोसतो. त्यामुळेच गैरसमज पसरतो: शेळीनं खाल्ला, काही झालं नाही, मग गाईला टाकायला काय हरकत?

ऊसतोडीबरोबर आणखी एक गोष्ट येते. बीड आणि आसपासच्या जिल्ह्यांतून टोळ्यांसोबत बैल येतात, फडावर राहतात, एकाच ओढ्यावर पाणी पितात. लाळ्या-खुरकूत पसरायला यापेक्षा सोयीची परिस्थिती नाही. केंद्र सरकारनं २०१९ मध्ये सुरू केलेल्या रोगनियंत्रण कार्यक्रमात वर्षातून दोनदा मोफत लस देतात आणि कानात बारा आकडी क्रमांकाचा पिवळा बिल्ला मारतात. लस टोचल्यावर दोन दिवस दूध थोडं कमी होतं म्हणून ती टाळणारे अजूनही आहेत. रोग आला तर दूध महिनाभर जातं.

आणि ऊस तुटतो तसा बिबट्याही हलतो. गोदावरी-कादवाच्या काठचा ऊस हे आता त्याचं घर आहे. तोडणी करताना फडात पिल्लं सापडणं निफाडकरांना नवं राहिलेलं नाही. नगर जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यात वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी बिबट्याच्या विष्ठेचा अभ्यास केला, तेव्हा त्याच्या खाण्यात वजनाच्या हिशेबानं ८७ टक्के वाटा पाळीव प्राण्यांचा निघाला. त्यातही सर्वांत मोठा, ३९ टक्के, कुत्र्यांचा. म्हणजे अंगणातलं कुत्रं हे राखणदार आणि आमिष दोन्ही असतं. शेळ्या आणि वासरं मोठ्या जनावरांबरोबर उघड्या छपरात बांधण्याऐवजी वरूनही जाळी असलेल्या बंदिस्त खोपटात ठेवणं, हाच त्यातल्या त्यात भरवशाचा उपाय. हवा खेळती राहणं आणि बिबट्या बाहेर राहणं ही दोन्ही कामं जाळी करते, ताडपत्री करत नाही.

खुराड्यातली तक्रार वेगळीच असते. दिवाळीनंतर कोंबड्या अंड्यांना कमी येतात. घरातले थंडीला दोष देतात, पण कोंबडी थंडीपेक्षा उजेड मोजते. तिच्या कवटीतून मेंदूपर्यंत पोचणारा प्रकाश रोज चौदा-सोळा तास मिळाला तर अंडाशय जोमानं काम करतं. डिसेंबरअखेर निफाडला दिवस जेमतेम अकरा तासांचा. पोल्ट्रीवाले पहाटे दिवे लावून ही कसर भरून काढतात. गावरान कोंबडी संक्रांतीनंतर दिवस मोठा होऊ लागला की आपणच सुरू होते. पिल्लांना मात्र ऊबच हवी: पहिल्या आठवड्यात पस्तीस अंशांच्या आसपास, पुढे दर आठवड्याला तीनेक अंश कमी. पिल्लं दिव्याखाली एकमेकांवर चढून बसली तर गारठा, भिंतीला लागून पांगली तर उकाडा. थर्मामीटरपेक्षा हे पाहणं सोपं.

गोबरगॅसही याच दिवसांत रुसतो. मिथेन तयार करणाऱ्या जिवाणूंना पस्तिशीची ऊब लागते आणि कोटीपोटातल्या भाऊबंदांसारखी ती त्यांना गाईकडून आयती मिळत नाही. पन्नास किलो शेणावर चालणारं दोन घनमीटरचं संयंत्र मे महिन्यात दोन्ही वेळचा स्वयंपाक करतं, ते जानेवारीत सकाळच्या चहालाच धापा टाकतं. शेण दुपारी, उन्हात तापलेल्या पाण्यात कालवून सोडलं आणि टाकीभोवती उकिरड्याचा उबदार थर रचला, तर फरक पडतो.

हिवाळ्याची सर्वांत मोठी घडामोड मात्र डोळ्यांना सहज दिसत नाही. दिवस लहान होऊ लागला की म्हशी माजावर येतात. उन्हाळ्यात महिनोन्महिने मुकी राहिलेली म्हैस ऑक्टोबर ते फेब्रुवारी या काळात फळते. पण तिचा माज गाईसारखा बोलका नसतो; एखाद्या पहाटे ती वैरण अर्धी टाकते, वारंवार थोडी थोडी लघवी करते, शेपटाखाली काचेसारखा सोट लोंबतो, आणि दिवस वर येईपर्यंत सगळं शांत होतं. पहाटे पाचला गोठ्यात कोणी गेलं नाही तर एकवीस दिवस वाया. सकाळी माज दिसला तर संध्याकाळी रेतन, संध्याकाळी दिसला तर दुसऱ्या सकाळी, हा डॉक्टरांचा ठोकताळा.

डिसेंबरात गाभण राहिलेली म्हैस दहा महिने दहा दिवसांनी, ऑक्टोबरच्या सुमारास विते. तेव्हा रानात हिरवळ असते, पाणी असतं, गाईंचंही दूध वाढलेलं असतं. डेअरीच्या भाषेत हा पुष्टकाळ, आणि पुष्टकाळात दर पडतात. २०२४च्या जानेवारीत राज्य सरकारला गाईच्या दुधासाठी लिटरमागे ५ रुपये अनुदान द्यावं लागलं ते याच कारणानं: ३.५ टक्के फॅट आणि ८.५ टक्के एसएनएफच्या (फॅट सोडून उरलेल्या घन पदार्थांच्या) दुधाला खर्च भरून निघेल इतका भाव मिळत नव्हता. एप्रिल-मे मध्ये भाव चढतो, तेव्हा दूध आटलेलं असतं. गाय बारमाही विते, त्यामुळे तिची काही विणी पुढे-मागे ढकलता येते. म्हशीच्या बाबतीत निसर्ग एवढी मोकळीक देत नाही. म्हणून ज्या मळ्यात दोन म्हशींना जागा आहे, तिथे शहाणे शेतकरी एक म्हैस हंगामाच्या सुरुवातीला, ऑक्टोबरातच भरवतात आणि दुसरी शक्य तितकी लांबवून फेब्रुवारीत. दुसरी म्हैस डिसेंबरात विते आणि तिचं भरीचं दूध उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत टिकतं. त्यासाठी दोन-तीन माज मुद्दाम सोडावे लागतात, आणि म्हैस पुढच्या माजाला फळेल याची हमी कुणीच देत नाही.